फाटकावर वाळत घातलेल्या सासूबाई

त्रोयान गावात पुरुषाची किंमत त्याच्या हातांवरून ठरते. नखांत माती असेल तो कुंभार, बोटांच्या पेरांत भुसा असेल तो सुतार, आणि तळवा जळका असेल तो आलुबुखाराची दारू गाळणारा. बोयानचे हात मात्र भिजवलेल्या पावासारखे मऊ होते. तो नगरपालिकेत जमिनींचे नकाशे सांभाळायचा. कुणाचं कुंपण कुणाच्या मुळ्याच्या वाफ्यात किती वीत शिरलंय ते त्याला झोपेतही सांगता येई. पण खिळा ठोकायचा म्हटलं की खिळा आणि बोयान दोघेही वाकत.

त्यातून तो घरजावई. सासूबाई नेदा या घराच्या, अंगणाच्या, आलुबुखाराच्या सात झाडांच्या आणि तळघरातल्या दीडशे बरण्यांच्या मालकीण. एकोणीस वर्षांत त्यांनी बोयानला एकदाही काम सांगितलं नव्हतं. ऐकणाऱ्याला वाटेल, भाग्यवान आहे बेटा! पण घरजावयाला काम न सांगणं म्हणजे पंगतीत बसवून ताट न वाढणं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सासूबाई कौलं बदलायला स्वतः शिडीवर चढल्या. बोयान शिडी धरायला धावला, तर वरून लेकीला म्हणाल्या, "रुमेना, त्याला म्हणावं सावलीत बस. त्याला उन्हाची सवय नाही."

त्याला. समोर उभा असताना, त्याला. एकोणीस वर्षं हा माणूस आपल्याच घरात तृतीयपुरुषी राहत होता. त्याला ना मान हवा होता ना जमीन. सासूबाईंनी एकदा आपल्याकडे बघून "अरे, एवढं करून दे" म्हणावं, बस, एवढीच त्याची हौस.

ऑगस्टमधल्या जत्रेत त्याला वाट सापडली. एका तंबूत एक बाई पांढऱ्याशुभ्र कपाला कागद गुंडाळत होती. कागदावरचं चित्र असं फिकट, असं मरगळलेलं, की जणू आजारातून उठलेला फुलांचा ताटवा. तिनं कप तापलेल्या यंत्रात ठेवला, तीन मिनिटांनी काढला, कागद सोलला, आणि आतून खसखशीचं लालभडक फूल उमललं. बोयाननं अंगठ्यानं घासलं. नखानं खरवडलं. फूल जागचं हललं नाही.

"रंग वितळला कसा नाही?" त्यानं विचारलं.

"वितळतच नाही तो," बाई म्हणाली. "कापरासारखा असतो. कोरड्याची थेट वाफ होते, आणि वाफ कपाच्या कातडीत शिरते. मग तो रंग कपावर राहत नाही हो, कपात राहतो."

बोयान तिथं पाऊण तास उभा राहिला. रुमेनानं दोन वेळा बाही ओढली. देवळात मेणबत्ती लावतानाही त्याचा चेहरा इतका भाविक कधी झाला नव्हता. ओलं न होता, न सांडता, न वाहता एक वस्तू दुसरीच्या अंगात शिरते आणि तिथलीच होऊन जाते! एकोणीस वर्षं एका घरात शिरू पाहणाऱ्या माणसाला हे किती लागलं असेल, ते ज्याचं त्यानं समजावं.

सप्टेंबरअखेर सासूबाईंना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. ठरलं. त्यांचं चित्र असलेला कप आपण आपल्या हातानं करायचा.

नकाशेवाला माणूस काम करण्याआधी तक्ता करतो. बोयाननं वही सुरू केली. पहिला धडा असा निघाला की घरातलं छपाईयंत्र उपयोगाचं नाही, कारण ज्या टाकीत एकदा साधी शाई गेली ती कायमची बाटली. कोऱ्या टाक्यांचं यंत्र हवं, त्यात पहिल्या थेंबापासून संप्लवनाची, म्हणजे न वितळता थेट वाफ होणारी, शाई हवी. कागद वेगळा, रंग पिऊन न टाकता धरून ठेवणारा आणि वेळ आली की सोडून देणारा. चिकटपट्टी वेगळी, एकशेऐंशी अंशांतही न जळणारी. आणि कपसुद्धा वेगळे, लेप दिलेले. बिनलेपाच्या कपाला रंग शिवत नाही.

हे शेवटचं वाक्य त्यानं कुंपणावरून गेन्चोकाकांना सांगितलं, ही चूक झाली. गेन्चोकाका पन्नास वर्षं चाक फिरवणारे कुंभार. त्यांनी चाक थांबवलं.

"कप विकत आणणार? त्रोयानात? कप?"

"काका, त्याला वरून खास लेप असतो..."

"म्हणजे लस टोचलेले कप." काकांनी हात धोतराला पुसावेत तसे पोटावरच्या फडक्याला पुसले. "समुद्रकाठच्या माणसानं पोस्टानं मीठ मागवावं, तसं झालं हे. थांब तिथंच."

आणि त्यांनी आपल्या हातचा एक कप आणून दिला. तपकिरी, पोटाशी गोल, बुडाशी निमुळता, अंगावर ओघळत्या थेंबांची नक्षी. "ह्यावर छाप. नाही छापला गेला तर दोष तुझ्या यंत्राचा."

छपाईयंत्र मिळालं, कप तापवायचं यंत्र मात्र अजून यायचं होतं. ते परदेशातून निघालं होतं आणि जिल्ह्याच्या जकात कचेरीत अडकलं होतं. कचेरीतल्या बाईंनी कागद पुढे सरकवला. "उपकरणाचा उद्देश लिहा. काय शिजतं यात?"

"काही शिजत नाही, बाई. रंगाची वाफ होते."

"वाफ म्हणजे धूर. धुराला दुसरा अर्ज."

दुसऱ्या अर्जासोबत खोलीचा नकाशा लागत होता. नकाशा! बोयानच्या आयुष्यात सरकारनं त्याला जमेल अशी गोष्ट पहिल्यांदाच मागितली होती. त्यानं तळघराचा असा देखणा आराखडा काढला की बरण्यांच्या फळ्यासुद्धा मापात आल्या. बाईंनी तो बघितला आणि म्हणाल्या, "बरण्यांचा व्यवसाय आहे का? मग तिसरा अर्ज."

तेव्हा बोयानचा बांध फुटला. त्यानं खिडकीला दोन्ही हात टेकले आणि सगळं सांगितलं: घन, वाफ, मधे पाणी होणं नाही, कपाची कातडी, खसखशीचं फूल.  रांगेतून एक म्हातारा म्हणाला, "अन् मधलं पाणी जातं कुठं?"

"नसतंच हो, आजोबा! तीच तर गंमत!"

"नसतं?" म्हाताऱ्यानं टोपी काढली. "ऐंशी वर्षं मला कुणी सांगितलं नाही."

बाईंनी बोयानकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं आणि "घरगुती उपकरण, इतर" असा शिक्का मारला.

यंत्र घोड्याच्या खोगिरासारखं दिसत होतं: मधे कप बसेल अशी गोल बेचकी, बाजूला दांडा, वर आकडे. पहिला मान गेन्चोकाकांच्या कपाला. तो बेचकीत पोटापाशी अडकला आणि बुडाशी खुळखुळत राहिला. तीन मिनिटांनी कागद काढला, तर पोटावर अर्धा गुलाब. काकांनी आपला अंगठा फिरवला. गुलाब अंगठ्यावर आला.

काका अंगठ्याकडे बघत राहिले. "धरला नाही," ते हळू म्हणाले. मग लगेच सावरून, "धरणार कसा? माझा कप स्वाभिमानी आहे. कुणालाही अंगात शिरू देत नाही." आणि गुलाबाचा अंगठा वर धरून ते घरी गेले. दिवसभर त्यांनी तो धुतला नाही, असं त्यांची बायको सांगत होती.

शेवटी वाढदिवसाचा शनिवार उजाडला.

सप्टेंबरअखेरचा शनिवार म्हणजे त्रोयानात मिरच्यांचा दिवस. अंगणोअंगणी लाल ढोबळ्या मिरच्या विजेच्या भट्टीत भाजल्या जात होत्या. गावावर गोडसर जळका धूर असा तरंगत होता की जणू डोंगरानंच शाल पांघरलीय. रुमेना बरण्यांची झाकणं आणायला बाजारात गेली. जाताना म्हणाली, "मिरच्या परतत राहा, जळू देऊ नकोस." सासूबाई पहाटेच नदीकाठच्या मळ्यात गेल्या होत्या, शेवटचे टोमॅटो तोडायला. वाढदिवस असला म्हणून टोमॅटो थांबतात थोडेच.

बोयाननं तळघरात चित्राच्या तीन प्रती छापल्या. रुमेनानं उन्हाळ्यात फोनवर चोरून काढलेला फोटो: सासूबाई झाडाखाली बसलेल्या, डोक्याला लाल रुमाल, मागे हिरवा डोंगर. खाली अक्षरं: नेदा, ८० वर्षे. आणि भोवती काळी चौकट. कारण चौकटीशिवाय नकाशा म्हणजे कुंपणाशिवाय जमीन, हे बोयानच्या नोकरीचं पहिलं सूत्र. कागदावर रंग नेहमीसारखे फिके आले. लाल रुमाल राखाडी, डोंगर राखाडी, सासूबाई राखाडी. बोयान घाबरला नाही. रंग कागदात झोपलेले असतात, यंत्र त्यांना जागं करतं, हे त्याला आता ठाऊक होतं.

फक्त कागद जरा ओलसर होते. ओला कागद वापरू नये, असं वहीत दोनदा अधोरेखित केलेलं. तळघरात दमट, अंगणात धूर, दोरीवर मिरच्या. ऊन कुठं, तर रस्त्याकडच्या लोखंडी फाटकावर. बोयाननं तिन्ही प्रती घेतल्या. दोन फाटकावर लावल्या, चारही कोपऱ्यांना न जळणारी पट्टी. आणि तिसरीला जागा उरली नाही म्हणून ती समोरच्या विजेच्या खांबावर. दोन पावलं मागे जाऊन बघितलं. सरळ, समांतर, सुबक. समाधानानं तो आत गेला.

आता, या देशात माणूस गेला की त्याचा फोटो, नाव आणि वर्षं काळ्या चौकटीत छापून कुठं लावतात? फाटकावर आणि विजेच्या खांबावर. मेल्यावर लावतात, चाळिसाव्या दिवशी लावतात, वर्षाला लावतात. हे बोयानला माहीत नव्हतं का? जन्मापासून माहीत होतं. पण तो त्या वेळी फाटकाकडे बघत नव्हता. तो उन्हाकडे बघत होता.

यंत्र लावलं, तिकडे मिरच्यांची भट्टी चालूच. दोघांनी एकदम वीज ओढली आणि घरातला फ्यूज उडाला. बोयान अर्धा तास तळघराच्या कोपऱ्यात, तोंडात बॅटरी धरून, तारांशी बोलत होता.

त्या अर्ध्या तासात पलीकडची योन्कामावशी पाव घेऊन परतली. फाटकापाशी थबकली. पाव खाली पडला. योन्कामावशी म्हणजे गावातली शेवटची रडणारी. मयताच्या दारात उभं राहून जागच्या जागी गाणं रचून रडणं तिला आईकडून आलेलं. तिनं डोक्याचा रुमाल सोडला, फाटकाची कडी धरली आणि सूर लावला:

"नेदे गं माझे सई, तुझ्या दाराला आली कडी,
कुणाशी गं भांडू आता कुंपणाच्या अलीकडी?"

सूर धुरावरून गल्लीभर पसरला. भट्ट्या विझल्या. बाया ॲप्रन सोडत धावल्या. कुणी मेणबत्ती आणली, कुणी अंगणातली शेवंती खुडली, मोजून सहा, कारण गेलेल्या माणसाला फुलं समसंख्येत द्यायची. गेन्चोकाका हातातली माती तशीच घेऊन आले आणि टोपी छातीशी धरून उभे राहिले. "कालच मला आळशी म्हणाली होती," ते म्हणाले आणि मातीच्याच हातानं त्यांनी डोळे पुसले.

योन्कामावशी आता रंगात आली होती:

"निळे आलुबुखार नेदे, तुझ्या झाडाला लगडले,
एक न दिलेस कधी, तरी माझे डोळे पाझरले."

"मागच्या वर्षी दोन टोपल्या कुणी नेल्या गं, योन्के?"

आवाज मागून आला. सासूबाई नदीकडच्या बोळातून आल्या होत्या. दोन्ही हातांत टोमॅटोच्या बादल्या, घामानं रुमाल मागे सरकलेला. गर्दीत पाठीशी उभ्या राहून त्यांनी पहिल्या ओळीपासून सगळं ऐकलं होतं.

एक बाई मटकन खाली बसली. गेन्चोकाकांनी हवेत क्रॉस काढला. योन्कामावशीनं तोंडावर हात ठेवला, बोटांच्या फटीतून बघितलं आणि संतापून म्हणाली, "मेली नाहीस?"

"टोमॅटो तोडत होते."

"मग माझं एवढं गाणं..."

"गाणं चांगलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "पहिलं कडवं तर फारच. मी मरेन तेव्हा तेच म्हण. दुसरं बदल."

मग त्या फाटकाकडे वळल्या. आपल्याच राखाडी चेहऱ्यासमोर त्या राखाडी होत उभ्या राहिल्या. नेमक्या त्याच वेळी तळघराच्या दारातून बोयान बाहेर आला, केसांत कोळ्याची जाळी, तोंडात बॅटरी. तीस डोकी त्याच्याकडे वळली.

"आई," बॅटरी काढून तो म्हणाला, "ते... वाळत घातलंय."

"मला?"

"कागद. कपासाठी. वाढदिवसाचा." घन आणि वाफ सांगायला तो तोंड उघडणार, एवढ्यात गेन्चोकाका फाटकाशी जाऊन नाक लावून बघू लागले.

"बोयान, हे कपावर छापणार?"

"हो, काका."

"मग हे सरळ का वाचता येतंय? मी कपाच्या बुडावर नाव उठवतो तो शिक्का उलटा कोरलेला असतो. कागद सरळ, तर कप उलटा." ते गर्दीकडे वळले. "अरे, उलटं छापायला हवं होतं यानं! उलटं छापलं असतं तर कुणाला वाचता आलं नसतं, आणि नेदा सकाळभर जिवंत राहिली असती!"

लोक हसले. पोटं धरून हसले. बोयानला वाटलं, आपणही कोरड्याची वाफ व्हावं. मधे पाणीसुद्धा नको. दीड महिना, एक वही, दोन अर्ज, एक आराखडा, आणि शेवटी साऱ्या गावासमोर सासूबाईंचा खून. तो फाटकाशी गेला आणि पट्ट्या सोलू लागला. न जळणारी पट्टी न निघणारीही होती.

"राहू दे ते," सासूबाई म्हणाल्या. त्या त्याच्याकडे बघत नव्हत्या. कागदाकडे बघत होत्या. "रुमेना कुठंय? तिला म्हणावं, याला विचार, हे मेल्यासारखं चित्र कपावरही असंच दिसणार का?"

रुमेना बाजारात होती. निरोप पोचवायला कुणी नव्हतं. मधे फक्त हवा होती.

"नाही, आई," बोयान म्हणाला. "दाखवतो."

आणि सगळे तळघरात उतरले. दीडशे बरण्यांच्या मधे तीस माणसं, पेटत्या मेणबत्त्यांसकट, कारण विझवायचं कुणाला सुचलं नाही. गेन्चोकाकांनी वर जाऊन भट्टीचा प्लग काढला. बोयाननं चित्र उलटं करून पुन्हा छापलं, हेअर ड्रायरनं वाळवलं (हे आधी का सुचलं नाही, असं योन्कामावशीनं विचारलंच), पांढऱ्या कपाला गुंडाळलं, पट्टी लावली, कप बेचकीत ठेवून दांडा दाबला. सेकंदांचे आकडे उलटे पळू लागले. एकशेऐंशी. एकशेएकोणऐंशी.

तीन मिनिटं किती लांब असतात ते गप्प बसलेल्या त्रोयानकरांना त्या दिवशी कळलं. मेणबत्त्यांचं मेण ओघळत होतं. नाकाशी गरम कागदाचा वास. कुणीतरी कुजबुजलं, "काय होतंय आत?"

"जागे होतायत," बोयान म्हणाला.

यंत्र वाजलं. हातमोजा घालून त्यानं कप बाहेर काढला, पट्टीचं टोक धरलं आणि कागद सोलायला घेतला. आधी डोंगर आला, पावसात न्हाल्यासारखा हिरवा. मग फांद्या, मग रुमाल, आणि तो लाल असा पेटला की पुढच्या बाईनं मान मागे घेतली. मग चेहरा. गालावरचं ऊन, डोळ्यांच्या कडेचं हसू, जे सासूबाई लोकांसमोर कधी हसत नसत. मेलेल्या कागदातून बाई जिवंत होऊन कपात बसली होती.

 गेन्चोकाकांनी पुन्हा टोपी काढली. "भट्टीत माझाही रंग राखाडीच जातो," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "पन्नास वर्षं झाली. दर वेळी भट्टी उघडताना देवाचं नाव घेतो. मला वाटायचं, हे फक्त मातीलाच जमतं."

योन्कामावशीनं शेजारणीच्या हातातली शेवंती घेतली, एक फूल उपसून कमरेला खोचलं आणि पाच फुलं पुढे केली. "घे. आता वाढदिवस."

सासूबाईंनी फुलं घेतली नाहीत, कप घेतला. तो गरम होता. पदर नव्हता, म्हणून घागऱ्याच्या टोकात धरला. बराच वेळ फिरवून बघितला. अंगठ्यानं रुमाल घासला. मग चौकटीवर बोट ठेवलं.

"हे काळं काय?"

"हद्द, आई. नकाशाला लागते."

"माझी हद्द तू ठरवणार?"

लोक पुन्हा हसले. बोयान हसला नाही. त्या वाक्यात एक ‘तू’ होता, तो त्याच्या कानात अजून घुमत होता.

मयताला आलेली माणसं मग वाढदिवसाला थांबली. भाजल्या मिरच्या निघाल्या, चीज निघालं, आलुबुखाराची दारू निघाली. रुमेना झाकणं घेऊन परतली तर अंगणात तीस माणसं आणि फाटकावर आईचा मृत्यू. तिला समजावण्यात अजून एक बाटली गेली.

दुपार कलली तशी गर्दी पांगली. बोयान तळघरात वायर गुंडाळत होता. पायऱ्यांवर पावलं वाजली. सासूबाई एकट्याच होत्या. त्यांनी टेबलावर एक फोटो ठेवला, बोटाच्या पेराएवढा, कडा खाल्लेल्या, कुठल्याशा जुन्या ओळखपत्रावरून काढलेला. मिन्को. त्यांचे यजमान. बोयाननं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"अरे," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. त्या शब्दाची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. "हा येईल का रे त्यात?"

"येतील, आई. मोठे करून घेईन."

"राखाडीच येईल?"

"फोटोत रंग नाहीत, त्यामुळे..."

"सदरा निळा होता." त्या फोटोकडे वाकल्या. "निळा घालशील?"

"घालीन की. पण कसला निळा? आभाळासारखा?"

"छे. आभाळ रोज बदलतं. आलुबुखाराहून फिका, नदीहून गडद. जवसाच्या फुलासारखा, पण फूल सकाळी असतं तसा नाही, दुपारी..." त्यांनी मान हलवली. "सांगून नाही कळायचं."

त्या वर गेल्या. बोयाननं वही उघडली. शाईच्या पानावर निळ्याच्या अकरा छटा होत्या, सगळ्यांना आकडे होते. सासूबाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात घडी घातलेला एक सदरा होता. त्यांनी तो त्याच्या वहीवर ठेवला.

"पण आई, हा तर पांढुरका झालाय."

"बाहेरचा उन्हानं खाल्ला. दोरीवर मीच वाळत घालायची ना." त्यांनी कॉलर दोन बोटांत धरून उलटली. "इथं बघ, बोयान. हा."

बोयान वाकला. कॉलरच्या आत, जिथं ऊन कधी पोचलंच नव्हतं, तिथं तो निळा अजून कोरा करकरीत होता.